डिटेक्टर बसवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगाल?

परभणीजवळच्या पेडगावहून एका वाचकाचा फोन आला. ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सेल्फ-अल्टरनेटरची कामं, ट्रॅक्टरचं वायरिंग, अलीकडे कारमध्ये रिव्हर्स कॅमेरा आणि म्युझिक सिस्टिम. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेला रडार डिटेक्टर आणून टेबलावर ठेवला आहे. लायटरच्या सॉकेटला नको, फ्यूज बॉक्समधून सप्लाय घ्या, वायर दिसता कामा नये, अशी फर्माईश. वर आणखी एक विचारणा: पोलिसांच्या वायरलेसवरचं बोलणं ऐकू येईल असं काही मिळतं का? आमच्या वाचकाचा प्रश्न एका ओळीचा होता. बसवू की परत देऊ?

परत द्या. कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण ‘पोलीस पकडतील’ एवढं सांगून गिऱ्हाईक गप्प बसत नाही. ते शेजारच्या दुकानात जातं.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. रडारची स्पीडगन सूक्ष्मलहरी सोडते. अशा बंदुकांचा एक नेहमीचा पट्टा २४.१५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे के बँड. गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता गाडीच्या वेगानुसार थोडी बदललेली असते. ताशी १०० किलोमीटरने समोरून येणाऱ्या गाडीसाठी हा फरक सुमारे ४,४७० हर्ट्झ भरतो आणि त्यावरून आकडा निघतो. डिटेक्टर वेग मोजत नाही, त्या पट्ट्यातली लहर आली की ओरडतो. बंदुकीला जाऊन परत आलेली क्षीण लहर लागते, डिटेक्टरला नुसती येणारी पुरते. त्यामुळे तो बंदुकीच्या आधी जागा होतो, हे खरं. या धंद्याची सगळी जाहिरात एवढ्या एका भौतिक सत्यावर चालते.

पुढचं पाकिटावर छापलेलं नसतं. हाच पट्टा मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांना आणि बऱ्याच नव्या गाड्यांच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरना वापरलेला असतो. दाराचं सेन्सर आणि पोलिसाची बंदूक यांतला फरक स्वस्तातल्या डिटेक्टरला कळत नाही. ‘सोळा बँड’ असं ठळक छापलेले, इंग्रजी आणि रशियन आवाजात बोलणारे डबे आपल्यापैकी अनेकांनी हाताळले असतील. मागे सक्शन कप, पुढे काळी काच, बाजूला व्हॉल्यूमचं चाक. शहरात शिरलं की त्याची टूंटूं थांबत नाही आणि दोन दिवसांत मालक स्वतःच त्याचा आवाज बंद करून टाकतो.

आणि रडार तरी उरलंय कुठे? राज्याच्या महामार्ग पोलिसांना २०१९ पासून ज्या इंटरसेप्टर गाड्या मिळाल्या, त्यांत लेसर स्पीडगन आहे, जोडीला श्वास तपासायचं यंत्र आणि काचेची फिल्म मोजणारा टिंट मीटर. लेसर गनचा इन्फ्रारेड किरण साधारण तीन मिलिरेडियन इतकाच फाकतो. तीनशे मीटरवर त्याची रुंदी फार तर ९० सेंटिमीटर. नेम धरलेला असतो नंबरप्लेटवर. डॅशबोर्डवरच्या डब्याच्या डोळ्यात किरण गेलाच, तर तोवर अर्ध्या सेकंदाच्या आत वेग नोंदून झालेला असतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. डबा ओरडला, चालक दचकला, पाय ब्रेकवर गेला. चलान तर आलंच, वर मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला नाहक कसरत.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, तिच्यापुढे तर हा डबा खेळणंच आहे. दोन कमानींमधलं अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढला, की हवेत पकडायला लहरच उरत नाही. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले तर वेग १२०. हा तिसरीतला भागाकार आहे, त्याला डिटेक्टर काय करणार?

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात रडार डिटेक्टरचं नाव घेऊन बंदी घातलेली नाही, आणि विक्रेते नेमकं तेवढंच सांगतात. पण आपल्याकडे बिनतारी यंत्राचा कायदा वेगळा आहे आणि तो जुना आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने संदेश पाठवणारं यंत्र तर सोडाच, नुसतं ऐकणारं यंत्रही परवान्याशिवाय बाळगायला मनाई केली. म्हणून तर आपल्या आजोबांच्या पिढीला घरच्या रेडिओचं वार्षिक शुल्क पोस्टात भरावं लागे आणि त्याचं पुस्तक जपून ठेवावं लागे. घरगुती रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकात गेला. तत्त्व तसंच राहिलं: सूट दिलेली नाही ते यंत्र परवान्याचं. इंग्लंडमध्ये १९९८ साली उच्च न्यायालयाने निराळी वाट धरली. डिटेक्टरला फक्त लहर आहे एवढंच कळतं, त्यात कुठला ‘संदेश’ टिपला जात नाही, असं म्हणत त्याने चालकाच्या बाजूने निकाल दिला. गिऱ्हाईक यूट्यूबवर पाहून हाच दाखला देईल. त्याला सांगा की फ्रान्समध्ये हे यंत्र बेकायदा आहे, अमेरिकेत व्हर्जिनियात बंद आहे आणि त्या सबंध देशात मोठ्या मालट्रकमध्ये लावता येत नाही. आणि आपण पेडगावात आहोत, लंडनमध्ये नाही.

पोलिसांचा वायरलेस ऐकवणाऱ्या स्कॅनरच्या बाबतीत तर संशयाला जागाच नाही. तिथे संदेशच ऐकायचा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. लहरी अडवणारा जॅमर बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी फक्त वायर जोडली’ हे उत्तर दुकानदाराला वाचवेल असं मला वाटत नाही; बिलावर तुमचा शिक्का असतो आणि बिल नसेल तर संशय आणखी वाढतो. संगणकाला लावायचा छोटा रेडिओ डोंगल काही हजारांत मिळतो आणि शिकाऊ पोरं हौसेने तो घेतात. शिकायला हरकत नाही. हौशी रेडिओची परीक्षा द्यावी, रीतसर परवाना घ्यावा. पण तो परवाना हौशी पट्ट्यांसाठी आहे, पोलिसांच्या वायरलेससाठी नाही. आणि पोलिसांचं संभाषण डिजिटल आणि सांकेतिक झालं की त्या डोंगलमधून खरखरीपलीकडे काही हाती लागत नाही.

ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं, हा समजही काढून टाका. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या तेरा ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. यंत्र कोणत्या वारंवारतेवर चालतं, परवाना लागतो की नाही, मान्यता आहे की नाही, यांतलं काहीच गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं. सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या संचांना. लग्नमंडपात केटरिंगवाले वापरतात त्यातला कोणता त्या पट्ट्यातला आणि कोणता बाहेरचा, हे डब्याच्या मागे वाचल्याशिवाय कळत नाही. माल आणताना आपण ते वाचतो का, हा प्रश्न आपल्याच धंद्याला विचारायला हवा.

पोलिसांची जागा बाहेर फुटली तर काय होतं, हे महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिलं आहे. तिथे स्कॅनरचीही गरज पडली नाही. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल खडसावलं. एवढ्या मोठ्या गोष्टीशी कारमधल्या डब्याची तुलना ताणलेली वाटेल. पण आपल्या जिल्ह्यापुरतं बोलू. गोदाकाठच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी भागात रात्री वाळू भरलेला हायवा निघतो, तेव्हा पुढे दुचाकीवर माणूस असतो, नाक्यावर एक बसलेला असतो आणि महसूलचं पथक दिसलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप पडतो. आपल्याकडचा खरा स्कॅनर हा आहे, आणि त्याला आपल्या दुकानातून माल लागतो. लोहचुंबकाचा जीपीएस ट्रॅकर मागायला कुणी आलं तर तो कोणाच्या गाडीला लावायचा आहे हे विचारा. स्वतःच्या गाडीला लावणाऱ्याला वायरिंगमधून पक्का बसवून घ्यायला काय अडचण आहे? आरसी बुक बघा, नंबर लिहून ठेवा, मग विका.

समोरून येणाऱ्याने डिपर मारून ‘पुढे मामा आहेत’ सांगणं यात मी धरत नाही. ती रस्त्यावरची जुनी भाषा आहे, आणि तिने निदान चार गाड्यांचा वेग तरी उतरतो.

गिऱ्हाइकाची बाजूही ऐकायला हवी. डिटेक्टर मागणारा प्रत्येक जण बेफाम चालवणारा नसतो. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची मर्यादा आहे आणि इतर रस्त्यांवर ७० ची. दुभाजक संपतो, रस्ता अरुंद होतो, फलक कुठे नसतो, असला तर झाडाआड असतो, आणि लिंबाच्या सावलीत गाडी लावून गन रोखलेली असते. माणूस चिडतो. त्याचा राग रास्त आहे. मात्र त्यावर उतारा कायद्यातच आहे. नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाबद्दल दोषी धरता येत नाही, त्यामागे यंत्राची नोंद हवी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीने तिथल्या ‘यांत्रिक’ साधनाच्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक’ आलं. ऑगस्ट २०२१ च्या नियम १६७-अ नुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी आणि देखरेख असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. म्हणजे पुढे कॅमेरा आहे हे सांगायची जबाबदारी सरकारनेच घेतली आहे. फलक नसेल तर जागेचा फोटो काढावा, महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकावी, चलानाला आव्हान द्यावं. गूगल मॅप्सही आपल्याकडे २०१९ पासून स्पीड कॅमेऱ्याची सूचना देतं, फुकट. दुकानात येणाऱ्याला एवढं सांगितलं तरी निम्मे डबे परत जातील. पोलिसांनाही सांगायचं तर, लपून उभं राहिल्याने दंड जमतो, वेग उतरत नाही. दिसणारी गाडी आणि वाचता येणारा फलक लावा. डिटेक्टरचा बाजार तुमच्या लपण्यावर चालतो.

गंमत वेगळीच आहे. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये कंपनीचाच इशारा आहे. ८० ओलांडले की थोड्या थोड्या वेळाने बीप, १२० ओलांडले की सलग. तो बीप बंद करून द्या म्हणून आपल्याकडे किती लोक येतात, हे मी सांगायला नको. त्यातलाच एखादा डिटेक्टरही मागतो. स्वतःचा वेग सांगणारा बझर काढून टाकायचा आणि पोलीस सांगणारा बझर पैसे देऊन बसवायचा. व्यावसायिक गाड्यांचं याहून वाईट. गव्हर्नर ८० ला बांधलेला, डंपर-टँकर-स्कूल बसला ६० ला. ‘त्याची पिन काढून द्या, फिटनेसच्या वेळी परत लावू’ ही विनंती पेडगावपासून पनवेलपर्यंत एकाच शब्दांत होते. परवानगी नसलेला असा फेरफार केल्याबद्दल कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. स्कूल बसचा गव्हर्नर काढणाऱ्या माणसाशी मी वाद घालणार नाही. त्याने हे मासिक वाचायचं थांबवलं तरी चालेल.

मग डिटेक्टर परत देऊन धंदा कशाचा करायचा? मीटर तपासण्याचा. आपल्या भागात मोठे टायर टाकायची फॅशन आहे आणि मीटरकडे कोणी बघत नाही. कंपनीचा १८५/६५ आर १५ टायर असेल तर त्याचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. त्याच रिमवर २०५/६५ टाकला की व्यास ६४७.५ होतो, चार टक्क्यांहून जास्त वाढ. मीटरने १०० दाखवलं तेव्हा चाकं १०४ ने धावत असतात. सुस्थितीतल्या मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, हा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे; म्हणून कंपनीचा मीटर मुळात थोडा वर ठेवलेला असतो. टायर बदलला की ही राखीव जागा खाल्ली जाते. ‘मी मर्यादेतच होतो’ असं शपथेवर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं कित्येकदा खोटं नसतं, मीटर खोटा असतो.

तेव्हा पेडगावच्या मित्राने त्या गिऱ्हाइकाला डबा परत देताना आधी टायरच्या कडेचे आकडे वाचावेत आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहावेत. मग सरळ रस्त्यावर गाडी मीटरच्या ६० वर स्थिर धरून मोबाइलच्या जीपीएसवरचा आकडा शेजारी बसलेल्याने लिहावा, चालवणाऱ्याने नव्हे. ४० आणि ८० ला तेच पुन्हा. तिन्ही आकडे बिलावर टाकून सही करावी आणि तपासणीचे पैसे उघड लावावेत. आपल्याकडे चालणाऱ्या नेहमीच्या टायरमापांसाठी व्यास आणि मीटरमधला फरक यांचा तक्ता पुढच्या अंकात देत आहोत, दुकानात भिंतीला चिकटवता येईल अशा मापात.