वसुली करा, पण आधी हिशेब मांडा

सरकारी योजनेचे पैसे अपात्र माणसाच्या खात्यात गेल्याची बातमी आली की दोन बाजूंनी ओरड सुरू होते. एका बाजूचे म्हणणे, ‘फुकटे आहेत, पै न् पै वसूल करा.’ दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ‘बँका बुडवणारे मोकळे फिरतात, मग गरिबांच्याच मागे का लागता?’ उत्पन्न न सांगता घेतलेल्या लाभाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र दोघेही हाताळत नाहीत. पहिल्या बाजूला शिक्षा हवी असते, दुसरीला मते.

पीएम-किसान योजनेचेच घ्या. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या या योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. आयकर भरणारे, बहुतेक सरकारी कर्मचारी, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील यांना ती लागू नाही. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात सुमारे ४२ लाख १६ हजार अपात्रांना २,९९२ कोटी रुपये गेले होते. त्यांत महाराष्ट्रातले ४ लाख ४५ हजार, रक्कम ३५८ कोटी. भागाकार केला तर आपल्या राज्यात माणशी सरासरी आठ हजार रुपये, म्हणजे चार हप्ते. चार हप्ते जाईपर्यंत शासनाला काही कळले नाही आणि कळले तेव्हा तहसील कार्यालयातून नोटिसा निघाल्या.

आता कठोर वसुलीवाल्यांचे म्हणणे ऐकू. अर्जासोबत हमीपत्र होते, त्यावर सही होती, तेव्हा उत्पन्न लपवणे ही फसवणूकच, असे ते म्हणतात. काही जणांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे आहे. दरमहा पगाराची चिठ्ठी हाती पडणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याने ‘नियम माहीत नव्हता’ म्हणू नये. त्याच्याकडून पैसे घ्यावेत आणि खात्यांतर्गत कारवाईही करावी.

पण नियमाच्या तपशिलात उतरले की चित्र बदलते. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. पुण्यात नोकरी करून आयकर भरणाऱ्या सज्ञान मुलामुळे गावाकडचे आई-वडील अपात्र ठरत नाहीत. महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेत मात्र कुटुंबात अविवाहित मुले-मुलीही येतात आणि सगळ्यांचे मिळून वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. म्हणजे एकाच उंबरठ्याआडचे घर एका योजनेत पात्र आणि दुसरीत अपात्र असू शकते. शिवाय पीएम-किसानमध्ये पाहायचे ते मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरला होता का, एवढेच. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेने मागितले म्हणून शून्य कराचे विवरणपत्र भरणारा शेतकरी आयकरदाता होत नाही. एखाद्याच वर्षी कर भरला असेल, तर त्यावरून आधीनंतरचे सगळे हप्ते बेकायदा कसे ठरतील? हे बारकावे जिथे अर्ज भरून घेणाऱ्यालाही सांगता येत नाहीत, तिथे अंगठा देणाऱ्या माणसावर लबाडीचा शिक्का मारणे हा न्याय नव्हे.

दुसरा युक्तिवाद अधिक आधुनिक आहे. आधार आणि पॅन जोडले, संगणकाने नावे काढली, आता वाद कसला? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने फार महागात शोधले आहे. तिथे ‘रोबोडेट’ नावाने कुप्रसिद्ध झालेल्या पद्धतीत कर खात्याकडचे वार्षिक उत्पन्न घेऊन ते २६ पंधरवड्यांत सारखे वाटून टाकत. हंगामी काम करणाऱ्याची कमाई कधीच सारखी नसते. तीन महिने काम आणि नऊ महिने बेकारी असलेला माणूस या गणितात वर्षभर कमावता दिसे आणि बेकारीच्या काळात घेतलेला भत्ता त्याच्यावर कर्ज म्हणून चढे. तसे नाही हे सिद्ध करायचे ओझेही त्याच्याच डोक्यावर. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात हा हिशेब टिकला नाही. २०२० मध्ये सरकारला सुमारे ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा करावी लागली. जुलै २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने या पद्धतीचे पुरते वाभाडे काढले. ऊसतोड मजूर, द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बायका, लग्नसराईत राबणारे आचारी यांच्या महाराष्ट्राने हा धडा आपल्याला लागू नाही म्हणू नये. यंत्राने काढलेले नाव ही चौकशीची सुरुवात असते. तिचा निकाल म्हणून नोटीस पाठवता येत नाही.

तिसरा युक्तिवाद असा की माहिती देणे लाभार्थ्याचे काम, शासनाचा दोष नाही. ब्रिटनमध्ये आजारी किंवा अपंग आप्ताची आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला ८१.९० पौंड होता आणि कमाईची मर्यादा १५१ पौंड. मर्यादेपेक्षा एक पौंड जास्त कमावला, तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जाई. कर खात्याकडून कमाईचे इशारे येत होते, पण संबंधित विभाग त्यांतले सगळे तपासत नव्हता. दरम्यान चूक वर्षानुवर्षे साचली आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या हाती हजारो पौंडांची मागणी पडली. कमाई कळवायला हवी होती, हे खरेच. पण ज्याच्या हाती माहिती आहे आणि जो पैसे थांबवू शकतो, त्याने स्वस्थ बसून थकबाकी वाढू दिली, तर ती सगळी दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येत नाही. आपल्याकडेही कोणी आयकर भरला याची नोंद केंद्र सरकारच्याच दप्तरी असते. पहिल्या हप्त्याआधी ती पाहायला कोणी अडवले होते?

एवढे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील. पण त्यांचेही म्हणणे टिकत नाही. मोठ्यांची कर्जे बुडतात म्हणून चुकीचा लाभ पचवावा, हा तर्क मान्य केला तर पात्र माणसालाच त्याची किंमत मोजावी लागते. योजनेची तरतूद अमर्याद नसते. अपात्राच्या खात्यात गेलेले दीड हजार रुपये एखाद्या विधवेच्या थकलेल्या निराधार अनुदानालाही कामी आले असते. आणि सरसकट माफी ही पुष्कळदा दयेपोटी नसतेच. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी घाईघाईने मंजूर झाले. पडताळणी नंतर सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्या सुमारे पाच लाख महिलांना आधी दिलेली रक्कम परत घेणार नाही, असे जाहीर केले. त्या महिलांपुरता निर्णय दिलासादायक होता. पण त्याच गावातल्या शेतकऱ्याला पीएम-किसानच्या आठ हजारांसाठी नोटीस येते आणि शेजारणीला माफी मिळते, तेव्हा कोणत्या नियमाने, हे कोणालाच सांगता येत नाही. मर्जीने दिलेली माफी उद्या मर्जीनेच काढून घेता येते.

मग हवे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफिक मसीह खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या जादा वेतनाबाबत दिशा दाखवली आहे. वर्ग तीन-चारचे कर्मचारी आणि निवृत्त झालेले लोक यांच्याकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या चुकीची, वसुली करू नये, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात ज्यांनी खोटी माहिती दिली नव्हती आणि चूक मालकाची होती, अशांसाठी. पगारदाराला हे संरक्षण मिळू शकते, तर दोन हजारांचा हप्ता घेणाऱ्याला त्याच धर्तीचे का नको?

म्हणून माझे म्हणणे असे. नोटिशीत कोणता हप्ता, कोणते वर्ष, कोणता निकष आणि कोणाचे उत्पन्न हे चारही लिहिलेले असावे. नुसती रक्कम असेल तर ती नोटीस बाद समजावी. म्हणणे मांडायला मुदत आणि सुनावणी मिळावी. जाणूनबुजून लपवले असेल तर पूर्ण वसुली करावी. नियम न कळल्याने चूक झाली असेल तर मूळ रक्कम, दंडाशिवाय आणि झेपेल अशा हप्त्यांत घ्यावी. माहिती शासनाकडे असूनही त्याने पैसे चालू ठेवले असतील, तर तेवढा काळ वसुलीतून वगळावा. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची भाषा आठ हजारांसाठी वापरू नये.

नोटीस आलेल्यानेही दोन टोके टाळावीत. ती फाडून टाकू नये आणि घाबरून गावातल्या एजंटाच्या हाती रोकडही देऊ नये. आधी लेखी तपशील मागावा, त्या वर्षाचे करविवरण आणि बँकेचे पासबुक जोडून उत्तराची पोच घ्यावी. रक्कम खरोखर देणे लागत असेल तर ती सरकारी खात्यातच भरून पावती जपावी.

आज प्रत्येक योजनेचा शासन निर्णय वेगळा, कुटुंबाची व्याख्या वेगळी आणि वसुलीची रीत ज्या त्या अधिकाऱ्याच्या स्वभावावर. विधिमंडळाने सगळ्या थेट लाभाच्या योजनांसाठी जादा रकमेच्या वसुलीचा एकच कायदा करावा. त्यात लाभार्थ्याची जबाबदारी लिहावी आणि न तपासता पैसे सोडणाऱ्या खात्याचीही. दुसरे कलम गाळून पहिलेच राबवायचे असेल, तर शासनाने प्रामाणिकपणाचे धडे देऊ नयेत.