मधल्या वर्षांतला मतदार

पाहणीसाठी मतदार यादीतून नाव निघालेले असते सुनेचे आणि दार उघडतात सासरे. "तिला काय कळतंय राजकारणातलं? मला विचारा," असे ते आपुलकीनेच म्हणतात. पाहणीला आलेला विद्यार्थी अदबीने सांगतो, की नाव यांचे निघाले आहे, तेव्हा उत्तरेही यांचीच हवीत. पदराला हात पुसत ती बाहेर येते. आधी चौकटीला टेकून उभी राहते, मग बसते आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नापर्यंत मोकळी होते. गावोगाव लोकमताच्या पाहण्या करणाऱ्यांना हा प्रसंग पाठ असतो. निवडणुकीच्या काळातली पाहणी असेल तर तिच्या हाती नमुन्याची मतपत्रिका दिली जाते. ती आड जाऊन शिक्का मारते, घडी घालते आणि पेटीत टाकते. कोणाला मत दिले हे घरातल्यांनाही दिसत नाही.

दरवर्षी २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, मतदानाच्या शपथा होतात. १९५० साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला आणि २०११ पासून हा दिवस पाळला जातो. शपथ जरूर घ्यावी. पण मतदान पाच वर्षांतून एकदा येते आणि नागरिकाला मधली वर्षेही काढायची असतात.

त्या मधल्या वर्षांचा अभ्यास करणारे एक विद्यापीठ आनेकल तालुक्यात आहे. बंगळुरूच्या दक्षिणेकडच्या या तालुक्यात सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर आहे. या विद्यापीठाने लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या दिल्लीच्या 'लोकनीती'बरोबर राज्याराज्यांत पाहण्या केल्या. त्यांत कर्नाटक होते, तसा महाराष्ट्रही होता. सिद्धार्थ स्वामिनाथन आणि आपल्या पुण्याचे सुहास पळशीकर यांनी त्यावर संपादित केलेल्या ग्रंथाच्या नावातच 'निवडणुकांच्या मधले राजकारण आणि समाज' आहे. कोण जिंकणार, हा त्यातला प्रश्नच नाही. पोलिसांवर विश्वास वाटतो का, सरकारी कामासाठी कोणाकडे जाता, शेजारी दुसऱ्या जातीचा चालेल का, असे तिथले प्रश्न. सैन्य आणि न्यायालयांवर लोकांचा विश्वास मोठा, राजकीय पक्षांवर सर्वांत कमी, हे त्यातून पुढे आले. आणि काम अडले की माणूस आधी जवळच्या निवडून आलेल्या माणसाकडे, सरपंचाकडे किंवा नगरसेवकाकडे वळतो, हेही. आम्हाला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मराठी वाचकाला हा अभ्यास परका नाही. पुणे विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतल्या मतदाराचा अभ्यास केला, तेव्हा देशात असे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. १९६७ च्या निवडणुकीवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावाचा अर्थ 'मुकुट नसलेले सार्वभौम' असा होतो. इतक्या आदराने मतदाराकडे पाहणारी परंपरा आपल्याच घरची आहे, याचा अभिमान वाटतो.

आता या सार्वभौमांची शहरांत काय गत झाली ते पाहावे. बंगळुरू महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. कोरोनाच्या साथीचे कारण होते म्हणावे, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींसाठी मतदान पार पडले. महाराष्ट्रातही १५ जानेवारी २०२१ रोजी १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. साथ गावात होती, तशीच शहरातही होती. तरीही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई आणि पुणे या महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. हा अन्याय होता, आणि तो फारसा आरडाओरडा न होता पचला, याचे आम्हाला अधिक दुःख आहे.

मग आपण शहरी मतदाराला आळशी म्हणून मोकळे होतो. २०२४ च्या लोकसभेला बंगळुरू दक्षिणमध्ये जेमतेम ५३ टक्के मतदान झाले, आनेकल ज्यात येते त्या बंगळुरू ग्रामीणमध्ये सुमारे ६८ टक्के. कल्याणमध्ये निम्मेच. या आकड्यांत सुट्टीला गेलेले लोक आहेत, हे खरे. पण ज्याचे नाव सातारच्या यादीत, भाड्याचे घर बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात आणि नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, असेही पुष्कळ आहेत. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागतो. तो भरायचा राहतो, कारण इथल्या गटाराशी आणि टँकरशी आपल्या मताचा संबंध आहे असे त्याला कोणी जाणवू दिलेले नसते. सर्जापूर रस्त्याच्या सोसायटीतले मराठी कुटुंब गणपती बसवते, वर्गणी काढते, टँकरचा हिशेब चोख ठेवते. मंडळ चालवणाऱ्या या माणसांना नागरिकपण शिकवायला नको. त्यांना दाद मागायला जवळचे दार हवे.

तेच दार प्रशासकांच्या काळातल्या पुण्यात एखाद्या घरात शोधून पाहावे. पाहणीचा विद्यार्थी विचारतो, "काम अडलं तर आधी कोणाकडे जाता?" चौकटीपाशी बसलेली सून लगेच सांगते, "आधी नगरसेवक होते." मग थांबते, आतल्या खोलीकडे बघते. विद्यार्थ्याचे पेन कागदावरच्या रिकाम्या चौकटीवर टेकलेले असते.