हॅलो, बासष्ट की पासष्ट?

मोबाइलवर अनोळखी नंबर झळकला की तुम्ही काय करता? बहुतेक जण कट करतात. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड नाहीतर हिंजवडीतला फ्लॅट, दुसरं काय असणार! मीही कट करते, पण माझं कारण जरा वेगळं आहे. अनोळखी आवाज, अनोळखी विषय आणि समोर चेहरा नाही, हे कॉम्बिनेशन म्हणजे माझ्यासाठी आउट ऑफ सिलॅबस पेपर. कारण मी ऐकते ती कॉक्लिअर इम्प्लांटवर.

लगेच ‘अरेरे’ नको हं! आधी फंडा समजून घ्या. कानामागे एक प्रोसेसर असतो. तो माइकमधून आवाज पकडतो, त्याचे सिग्नल बनवतो आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटलेल्या कॉइलमधून कातडीखालच्या इम्प्लांटकडे पाठवतो. तिथून एक बारीक तार कानाच्या आतल्या शंखात गेलेली असते. तिच्यावर कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात आणि ते थेट श्रवण-नसेला विजेचे बारीक झटके देतात. धडधाकट कानात हेच काम पंधरा-सोळा हजार केसपेशींची फौज करते. म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या जागी दोन डझनसुद्धा वादक नाहीत! तरीही समोर बसलेल्या माणसाशी माझ्या मस्त गप्पा होतात. ओठ दिसतात, चेहरा दिसतो, उरलेलं मेंदू भरून काढतो. फोनवर मात्र ही सगळी मदत काढून घेतलेली असते.

यातली गंमत बघा. ज्या ग्रॅहम बेलच्या नावावर १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट झालं, त्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं आणि तो स्वतः मूकबधिर मुलांचा शिक्षक होता. म्हणजे ज्या यंत्रानं त्याला अमर केलं, ते त्याच्याच घरात बायकोच्या उपयोगाचं नव्हतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ग्रेम क्लार्क नावाच्या डॉक्टरनं १९७८ मध्ये मेलबर्नला आपल्या पहिल्या पेशंटवर अनेक इलेक्ट्रोडवालं इम्प्लांट बसवलं. त्याच्या वडिलांनाही कमी ऐकू यायचं. एका घरातून फोन आला, दुसऱ्या घरातून फोन ऐकायची सोय. हिशेब पूर्ण व्हायला शंभर वर्षं लागली.

पण पूर्ण तरी कुठे झालाय? जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवते. ‘स’सारख्या अक्षराचा खरा जोर असतो त्याच्या वर. तुमच्या मेंदूत अख्खं गोदाम भरलेलं असतं, म्हणून ‘सहा’चा स गळला तरी तुम्हाला कळत नाही. मला कळतं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि व्हीओएलटीई हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. त्या एचडी कॉलमध्ये ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. लोक फुकट डेटावर खूश होते, मी ‘स’ परत मिळाल्यावर! अट एकच, दोन्हीकडे तसा फोन आणि तसं नेटवर्क पाहिजे. एकानं टूजीवर बोललं की गाडी परत ३४०० वर.

आणि माझं माहेर कुठे? नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला, सातपुड्याच्या कुशीतला हा जिल्हा. धडगाव-तोरणमाळच्या घाटात शिरलं की रेंज ऊन-सावलीचा खेळ खेळते. तिथून एखाद्या मैत्रिणीचा फोन आला की मी आधी विचारते, ‘तू उभी कुठे आहेस?’

घरी सगळ्यात अवघड फोन बाबांचा. मिरचीची गाडी घेऊन ते नंदुरबारच्या मार्केटला जातात आणि तिथल्या गलक्यातून उत्साहानं भाव सांगतात. आता मराठी आकड्यांची खोडी बघा. बासष्ट आणि पासष्ट. फरक फक्त ब आणि प चा. बरं, हे दोन्ही शब्द बोलताना ओठसुद्धा सेम टू सेम हलतात, म्हणजे व्हिडिओ कॉल करूनही उपयोग नाही! क्विंटलला बासष्टशे की पासष्टशे, यात आमच्या घरच्या दिवाळीचा फरक पडतो. म्हणून आम्ही फॉर्म्युला काढला. बाबा आता ‘सहा-दोन’ किंवा ‘सहा-पाच’ म्हणतात. दोन आणि पाच एकमेकांसारखे अजिबात वाटत नाहीत. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

आजीची केस वेगळी. इम्प्लांटमधून आवाजाची पट्टी नीट कळत नाही, त्यामुळे फोनवर आई, काकू आणि आजी तिघींचा आवाज मला जवळपास सारखाच. घरात नियम केला, आधी नाव सांगायचं. आजीला हे फारच विनोदी वाटलं. ‘आते तुले बी मनं नाव सांगू का?’ तिनं अहिराणीत विचारलं आणि त्या एका वाक्यावरून ती आजी आहे हे मला कळलं. मला तर वाटतं, अहिराणी फोनसाठीच बनलीय. ‘माझं-तुझं’मधला झ लाइनवर घासून जातो, ‘मनं-तुनं’ ठणठणीत पोचतं. खरं कारण अर्थात सवयीचं. लहानपणी पूर्ण ऐकू येत होतं, तेव्हा कानात मुरलेली ही भाषा. मेंदूला ओळखीचा रस्ता लगेच सापडतो.

या सगळ्याला प्रॅक्टिस लागते बरं का. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मशिन ऑन केलं, तेव्हा माणसं मला कार्टूनसारखी ऐकू आली. मग मॅपिंग, म्हणजे ऑडिओलॉजिस्टनं कॉम्प्युटरवर एकेक इलेक्ट्रोड ट्यून करायचा. मग घरी होमवर्क. ओळखीचा माणूस, ठरलेला विषय, पाच मिनिटांचा फोन. मग ओळखीचा माणूस, न ठरलेला विषय. मी पेपर वाचून त्याच दिवशीच्या रेडिओच्या बातम्या ऐकायचे. फोन धरायचीही नवी पद्धत शिकले. कानाच्या भोकावर धरून उपयोग नाही, माइक असतो कानाच्या वर, मागे. आता ब्लूटूथनं आवाज सरळ प्रोसेसरमध्ये येतो. जोडीला २०१९ मध्ये गुगलनं आणलेलं लाइव्ह ट्रान्स्क्राइब आहे, बोललेलं मराठीत लिहून दाखवतं. अहिराणीची मात्र ते पार वाट लावतं.

तंत्रज्ञान धावतंय, सिस्टिम मात्र रांगतेय. माझा प्रोसेसर वॉरंटीबाहेर गेला. नवा घ्यायचा तर काही लाखांचा खर्च, म्हणून एका बँकेत लोनसाठी अर्ज केला. उत्तर काय? ‘मॅडम, व्हेरिफिकेशन कॉल तुम्हालाच अटेंड करावा लागेल. ईमेल चालणार नाही, दुसऱ्यानं बोललेलं चालणार नाही.’ म्हणजे ऐकायचं मशिन घ्यायला कर्ज पाहिजे आणि कर्ज मिळायला आधी ऐकू आलं पाहिजे! तीन कॉल आले, तिन्ही भरधाव, मागे अख्ख्या कॉल सेंटरचा कल्ला. शेवटी लेखी पत्र घेऊन शाखेत जाऊन बसले. पत्रात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होता. शिवाय ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही जोडला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना डिजिटल केवायसीत येणाऱ्या अडचणींवरचा हा निकाल. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. समोरासमोर दहा मिनिटांत काम झालं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ओळख पटवायला माझा आवाजच कशाला हवा?

मी भांडू शकले, कारण मला कागद वाचता येतात आणि पुण्यात राहते. पण केंद्राच्या एडिप योजनेतून २०१४ पासून लहान मुलांनाही इम्प्लांट मिळतायत. मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यातल्या मुलाला ते मिळालं, तर पुढे मॅपिंगसाठी खेपा, केबल, बॅटऱ्या, आणि घरी पावरी बोलणाऱ्या त्या मुलाची मराठीतली थेरपी. ऑपरेशन काही तासांचं असतं, ऐकायला शिकणं काही वर्षांचं. ते मूल उद्या आश्रमशाळेतून आईला फोन करील आणि तिचं बोलणं त्याला कळेल, त्या दिवशी सरकारचा पैसा खरा वसूल.

तोवर तुमच्यासाठी होमवर्क. ऑफिसात, मित्रांत कुणी माझ्यासारखं असेल तर फोनच्या आधी एक मेसेज टाका, विषय सांगा. आधी नाव, मग बोलणं. ओरडू नका, ओरडल्यानं आवाज फाटतो. कळलं नाही तर तेच वाक्य चारदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. आकडे सुटे सांगा. आणि ‘जाऊ दे, काही महत्त्वाचं नव्हतं’ हे तर कध्धीच म्हणू नका. महत्त्वाचं काय नि बिनमहत्त्वाचं काय, ते आमचं आम्ही ठरवू ना राव! निम्मी मैत्री तर बिनमहत्त्वाच्या फोनांवरच चालते.