टायरीसिअसशिवाय थीब्ज

ज्याँ अनुईच्या ‘अँटिगनी’वर एक ठपका वर्षानुवर्षे ठेवला जातो, आणि अलीकडे तो फार ठामपणे पुन्हा वाचनात आला. तो थोडक्यात असा: सोफोक्लिसने ख्रिस्तपूर्व ४४१च्या सुमारास जी मुलगी उभी केली, ती देवांच्या अलिखित कायद्यासाठी मेली, अनुईने १९४४ साली जी उभी केली, ती कशासाठीच मेली नाही. देव गेले, आंधळा द्रष्टा टायरीसिअस गेला, धर्म गेला. मागे राहिली एक हट्टी पोर आणि तिची समजूत घालणारा राजा. म्हणजे आधुनिक नाटककाराने अभिजात शोकांतिकेतली मूल्ये उपसून टाकली आणि टरफल स्वतःच्या नावावर खपवले. आक्षेपकाचे म्हणणे याहून खोल जात नाही. पण ते इतके सोयीचे आहे की दोन्ही नाटके न वाचलेल्यालाही चटकन पटते.

मला या म्हणण्याची चीड येते ती अनुईपेक्षा सोफोक्लिससाठी अधिक. आक्षेपक ज्याची बाजू घेऊन भांडतो आहे तो सोफोक्लिस त्याने स्वतःच घडवला आहे. त्या सोफोक्लिसच्या नाटकात एक निःशंक साध्वी आहे, एक दुष्ट राजा आहे, आणि शेवटी देव येऊन निवाडा करतात. मूळ नाटक उघडून पाहावे. आरंभीची अँटिगनी निःशंक आहे, हे खरे. भावाचे प्रेत पुरू नये हा राजाचा हुकूम देवांच्या कायद्यावर मात करू शकत नाही, हे ती थीब्जचा राजा क्रेऑन याच्या तोंडावर सांगते. पण तिला जिवंतपणी गुहेत कोंडायला नेतात तेव्हा हीच मुलगी विचारते, की आता देवांकडे पाहून काय उपयोग, माझ्या बाजूने आहे कोण? आणि त्याच्या अलीकडेच ती असे काही बोलून जाते की भल्याभल्यांची पंचाईत व्हावी. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी शहराविरुद्ध गेले नसते, असे ती म्हणते. नवरा दुसरा करता येतो, मूल दुसरे होऊ शकते. आईबाप मृत्युलोकात गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. देवांचा कायदा जर प्रत्येक मृताला सारखा लागू आहे, तर हा नात्यागोत्याचा हिशेब कशाला? गोएथेला हे भाषण इतके खटकले, की एखाद्या पंडिताने ते प्रक्षिप्त ठरवावे अशी इच्छा त्याने १८२७मध्ये त्याची संभाषणे टिपून ठेवणाऱ्या एकरमानजवळ बोलून दाखवली. पण ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात याच भाषणाचा दाखला देतो, तेव्हा ते निदान ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात नाटकात होतेच. मरणाच्या दारात उभी असलेली, स्वतःची कारणे पुन्हा चाचपून पाहणारी ही मुलगी सोफोक्लिसची आहे. तिच्यात धर्मनिष्ठेखेरीज दुसरे काही दिसत नसेल, तर वाचणाऱ्याने तिचे पहिलेच भाषण वाचून पुस्तक मिटले असले पाहिजे.

आता टायरीसिअस. त्याच्या गैरहजेरीचा आक्षेपकाला फार शोक आहे. तो सोफोक्लिसच्या नाटकात येऊन नेमके काय करतो? अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस याच्या प्रेताचे लचके कुत्र्यापक्ष्यांनी वेदींवर आणून टाकले, वेद्या बाटल्या, देव बलिदान स्वीकारत नाहीत, असे तो सांगतो. मेलेल्याला वर ठेवलेस आणि जितीला जमिनीखाली गाडलेस, याची भरपाई तुझ्याच पोटच्या जिवाने होईल, असे बजावून तो निघून जातो. अँटिगनीने केले ते योग्य केले, असा एक शब्द त्याच्या तोंडी नाही. मग हादरलेला क्रेऑन धावतो, पण आधी प्रेताकडे. त्याची उत्तरक्रिया आटोपून गुहेपाशी पोहोचतो तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ क्रेऑनचा मुलगा आणि तिचा वाग्दत्त वर हेमॉन जातो, क्रेऑनची बायको युरिडिसी जाते. देवांनी क्रेऑनला शिक्षा दिली; ज्या मुलीने त्यांची बाजू घेतली तिला त्यांनी वाचवले नाही. मूल्यांची पाठराखण याला म्हणायची असेल तर म्हणा, पण ती फार उशिरा आणि फार महागात झालेली आहे, आणि सोफोक्लिसला ते पुरते ठाऊक आहे. देवांनी सोडून दिलेली मुलगी अनुईने नव्याने शोधून काढलेली नाही. ती त्याला मूळ नाटकातच सापडली.

जुन्या कथेला हात लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उकरला जातो आणि त्यात मूळ संहितेच्या पावित्र्याचा हवाला हटकून दिला जातो. ग्रीक नाटककारांना हे पावित्र्य माहीत नव्हते. इलेक्ट्राची कथा एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडीस या तिघांनी तीन तऱ्हांनी मांडली. युरिपिडीसनेही एक ‘अँटिगनी’ लिहिले होते. ते आज नष्ट झाले आहे, पण त्यात हेमॉन आणि अँटिगनीचा विवाह होत असल्याची जुनी नोंद आहे. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला जे मरण दिले, त्यासाठी त्याने कोणाची परवानगी काढली होती? पात्रांना आधुनिक पोशाख चढवल्याची तक्रार याच जातीची आहे, तिला वेगळे उत्तर देत नाही.

मुख्य मुद्दा, ती कशासाठी मेली हा. अनुईचा क्रेऑन तिला मारू इच्छित नाही. तो तिच्याशी वाद घालतो आणि एकेक करून तिचा प्रत्येक आधार काढून घेतो. पुरोहितांच्या पुटपुटण्यावर तुझा खरेच विश्वास आहे का, असे विचारतो. ती नाही म्हणते. तुझे दोन्ही भाऊ नालायक होते, असे सांगतो. शेवटी सांगतो की घोडदळाने दोन्ही प्रेते इतकी तुडवली होती की कोणते कोणाचे हे ओळखूच येईना. त्यातल्या त्यात धड होते त्याला राजकीय इतमामाने निरोप दिला, दुसरे सडत ठेवले. यावर ती खचते. आपल्या खोलीत परत जायला निघते. नाटक इथे संपू शकले असते. पण क्रेऑन बोलत राहतो: हेमॉनशी लग्न कर, सुखी हो. त्या लहानशा, तडजोडीच्या सुखाचे चित्र ऐकून ती पुन्हा उसळते आणि मरण पत्करते. पुढे पहारेकऱ्याला चिठ्ठी सांगताना, आपण कशासाठी मरतो आहोत हे आता आपल्यालाच कळत नाही, असेही ती म्हणते आणि लगेच ते वाक्य खोडायला लावते. आक्षेपकाने खोडलेले वाक्य उचलले आणि ते खोडले गेले ही गोष्ट गाळली.

शिवाय हे नाटक कुठे झाले, हे तो विसरतो. फेब्रुवारी १९४४, जर्मनांच्या ताब्यातले पॅरिस, आतलिए नाट्यगृह, आंद्रे बार्साकचे दिग्दर्शन, जर्मन सेन्सॉरची मंजुरी. फ्रान्सच्या व्हिशी सरकारचे घोषवाक्य होते ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’. ते नाण्यांवरही कोरलेले होते. ज्या राज्यात कुटुंबाचे पावित्र्य हीच सरकारी भाषा होऊन बसली आहे, तिथे अँटिगनीने कुटुंब आणि धर्म यांच्या नावाने बंड केले असते, तर तिने सत्ताधाऱ्याचेच शब्द उच्चारले असते. अनुईने ते शब्द तिच्याकडून काढून घेतले, कारण ते आधीच पळवले गेले होते. त्याच महिन्यात, २१ तारखेला, पॅरिसजवळ मोंव्हालेरियाँ इथे प्रतिकार चळवळीच्या मानुशियान गटातल्या २२ जणांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या बाजूने बोलायला कोणताही टायरीसिअस येणार नव्हता. द्रष्टा येऊन राजाला वठणीवर आणील, या आशेवर उभे असलेले नाटक त्या प्रेक्षकांपुढे खोटे पडले असते.

क्रेऑनच्या तोंडी चांगले युक्तिवाद दिले म्हणून नाटक सत्तेचे समर्थन करते, हाही आरोप जुनाच. तो तेव्हाच्या भूमिगत पत्रातूनही झाला होता. माझ्या मते दुबळ्या युक्तिवादापुढे ‘नाही’ म्हणणे सोपे असते. समंजस, दमलेला, कामाला जुंपलेला माणूस विनवतो तेव्हाही नकार टिकतो का, हे पाहायचे होते. आणि मला तो टिकलेला दिसतो. बाहेरचा एकही आधार नसताना स्वतःला जे किळसवाणे वाटते त्याला होकार न देणे, हे अनुईने सोफोक्लिसच्या जागी ठेवलेले मूल्य आहे. ते देवांच्या कायद्याइतके भव्य नाही, पण ते मूल्यच आहे. सोफोक्लिसचा क्रेऑन दुःखातून शहाणा होतो; अनुईचा क्रेऑन मुलगा आणि बायको गेल्यावर पाच वाजताच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीला जातो. सत्ता शिकत नाही, असे हे नाटक म्हणते. ते मला पटते.

एक नुकसान मात्र खरे आहे, आणि आक्षेपकाचे लक्ष नेमके त्याकडे गेलेले नाही. सोफोक्लिसचा हेमॉन बापाला सांगतो की शहर या मुलीसाठी हळहळते आहे, आणि एकाच माणसाच्या मालकीचे असते ते शहरच नव्हे. तिथे नागरिक तिच्या बाजूला आहेत, भीतीमुळे गप्प आहेत इतकेच. अनुईच्या नाटकात राजवाड्याभोवती जमलेला जमाव तिच्या रक्तासाठी ओरडतो. देवांबरोबर शहरही गेले. टायरीसिअसला काढण्याचे कारण मला देता येते. या शहराला गर्दी करून टाकण्याचे तितके भक्कम कारण मला अनुईच्या नाटकात सापडत नाही.