यंत्रवस्त्राचा आधार कोणाच्या पाठीला?

शरीराच्या हालचालींना बळ देणारी, कापडासारखी अंगात घालता येणारी मऊ यंत्रे आता प्रयोगशाळेबाहेर पडली आहेत. सैनिक, गोदामांतील कामगार आणि पक्षाघाताचे रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून त्यांची रचना झाली. कापूसपट्ट्यात दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईचा विचार त्यात क्वचितच झाला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणीच्या देवस्थानासाठी विदर्भभर परिचित आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे लोकार्पण झाले आणि अनेक वर्षे रखडलेल्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा पहिला टप्पा या तालुक्यापर्यंत पोहोचला. गावात रेल्वे आली, पण शिवारातील कामाची रीत फारशी बदललेली नाही. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. लुगड्यावर पुरुषी सदरा चढवून, कमरेला ओटी बांधून बायका ओळीने पुढे सरकतात. बोंडागणिक वाकायचे, ओटी भरली की ढिगावर रिती करायची आणि दिवस कलताना गाठोडे डोक्यावर घेऊन बांध गाठायचा. मजुरी किलोवर ठरते. म्हणजे पाठ जेवढा वेळ साथ देईल, तेवढीच कमाई.

या पाठीला आधार देणारे यंत्र अस्तित्वात आहे काय? तत्त्वतः आहे. धातूचा सांगाडा अंगावर चढवून माणसाचे बळ वाढविण्याचे प्रयत्न जुने आहेत; पण असा सांगाडा जड असतो आणि त्याचे सांधे माणसाच्या सांध्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यातून मऊ यंत्रवस्त्राची कल्पना पुढे आली. यात कडक चौकट नसते. कमरेला आणि मांड्यांना कापडी पट्टे घट्ट बसवितात, कमरेवरील लहान मोटार सायकलच्या ब्रेकसारख्या तारा ओढते आणि पाऊल कोणत्या क्षणी पडते हे संवेदक टिपतात. ओढ नेमक्या क्षणी मिळाली तर स्नायूंचे काम हलके होते. क्षण चुकला तर तीच ओढ अडथळा ठरते. त्यामुळे या विद्येचे मर्म बळात नाही, वेळ साधण्यात आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कॉनर वॉल्श यांच्या गटाने या दिशेने दीर्घकाळ काम केले. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सुमारे पाच किलो वजनाच्या वस्त्रामुळे चालण्यासाठी लागणारी शारीरिक ऊर्जा ९.३ टक्क्यांनी आणि धावण्यासाठी लागणारी ४ टक्क्यांनी घटली. आकडे लहान वाटतात. परंतु उत्क्रांतीने लाखो वर्षांत घडविलेल्या चालीत एवढीही बचत करणे सोपे नाही. त्याच वर्षी पक्षाघाताच्या रुग्णांना चालण्याचा सराव देणाऱ्या ‘रिस्टोअर’ या मऊ यंत्रवस्त्राला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. २०२४ मध्ये कंपवाताच्या एका रुग्णावरील प्रयोगात, चालता चालता पाय जागीच खिळण्याचा त्रास अशा वस्त्राने टळल्याचे दिसून आले.

शेतीच्या दृष्टीने मात्र याहून साधा प्रकार महत्त्वाचा आहे. त्याला मोटार लागत नाही आणि विजेरीही नाही. वाकताना पाठीचे स्नायू कण्याच्या अगदी जवळून ओढ घेतात. ही तरफ आखूड असल्याने त्यांना प्रचंड जोर लावावा लागतो आणि तो सारा दाब मणक्यांमधील चकत्यांवर येतो. खांद्यापासून मांडीपर्यंत लवचीक पट्टा लावला, तर वाकताना तो ताणला जातो. कण्यापासून थोडा दूर असल्याने कमी जोरात तो तेच काम करतो आणि उभे राहताना साठवलेली शक्ती परत देतो. वँडरबिल्ट विद्यापीठातील चाचण्यांत अशा वस्त्रामुळे वाकण्या-उचलण्याच्या कामात कमरेच्या स्नायूंचा ताण सरासरी १५ ते ४५ टक्क्यांनी घटला. जपानमध्ये शेतकऱ्यांची पिढी वृद्ध होत असल्याने हवेच्या दाबावर चालणारी बिनविजेची ‘मसल सूट’सारखी साधने शेतीत आणि रुग्णसेवेत वापरली जातात. अशा वापराने दुखापती दीर्घकाळात खरोखर किती कमी होतात, याचे पुरावे मात्र अद्याप अपुरे आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वेचणीचे यंत्रच का आणू नये, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. विदर्भात शेते लहान, झाडे पसरट आणि बोंडे टप्प्याटप्प्याने फुटणारी. परदेशातील अवाढव्य वेचणी यंत्रे येथे निरुपयोगी ठरतात. सघन लागवडीचे प्रयोग नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने चालविले आहेत. पण ती पद्धत रुळून यंत्र बांधावर येईपर्यंत वेचणी हातांनीच होणार. तोवर त्या हातांमागील पाठीचे काय, हा प्रश्न उरतोच.

परदेशी वस्त्र जसेच्या तसे आणून तो सुटणार नाही. मांडीला पट्टे बांधण्यासाठी ते पँट गृहीत धरते. येथे लुगडे आहे. ते उभ्याने वाकण्यासाठी बनले आहे. निंदण मात्र उकिडवे बसून होते. गोदामातील हवा नियंत्रित असते. येथे ऑक्टोबरचे ऊन, घाम, धूळ आणि पऱ्हाटीच्या टोकदार फांद्या आहेत. शिवाय मजुरी किलोवर असल्याने अंगात घालायला दहा मिनिटे लागणारी वस्तू म्हणजे दहा मिनिटांचे नुकसान. हे किरकोळ तपशील नव्हेत. खरा आराखडा येथूनच सुरू होतो.

याची किंमत यवतमाळ जिल्ह्याने एकदा मोजली आहे. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. मुखवटा, हातमोजे, अंगभर पोशाख घालावा, ही सूचना तेव्हाही कागदावर होती. पण ही साधने अनेकांना मिळत नव्हती आणि मिळाली तरी दमट उकाड्यात पाठीवर भरलेला पंप घेऊन ती अंगावर ठेवणे असह्य होते. घातलेच जात नाही असे संरक्षक वस्त्र, मग ते कितीही शास्त्रशुद्ध असो, कुचकामी ठरते. यंत्रवस्त्राच्या प्रत्येक अभियंत्याने हा धडा गिरवावा असाच आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. शेतकऱ्याला रोज बदलणाऱ्या मजुरांसाठी असे साधन घेण्यात स्वारस्य नाही. मजुराची ऐपत नाही. म्हणजे बाजारपेठ आपोआप उभी राहणार नाही. परंतु शासनाची इच्छा असेल तर मार्ग निघतो. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला २०२३ मध्ये मंजुरी देताना केंद्राने महिला बचत गटांच्या १५ हजार ड्रोनसाठी १२६१ कोटी रुपयांची तरतूद केली. फवारणीचे उडते यंत्र बचत गटाच्या मालकीचे होऊ शकते, तर कमरेचा पट्टा का होऊ नये? त्यात मोटार नाही. कापड, लवचीक पट्टे आणि शिवणयंत्र एवढ्यावर त्याचा नमुना तयार होऊ शकतो. मात्र थकवा कमी झाला म्हणून किलोचा दर पाडला गेला, तर यंत्रवस्त्राचा लाभ मजुराच्या पाठीऐवजी दुसऱ्याच्याच खिशात जाईल. ही अट आधीच ठरवावी लागेल.

मोटारीचे महागडे वस्त्र रुग्णालयातच शोभेल, कारण तेथे एक साधन अनेकांच्या कामी येते. पक्षाघातानंतर पाय पुन्हा चालता करण्यासाठी नियमित सराव लागतो आणि खेड्यातील रुग्ण एक-दोन खेपांनंतर तो सोडून देतो. कळंबहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम आणि सावंगी ही तिन्ही केंद्रे फार दूर नाहीत. तेथे अशा साधनांच्या चाचण्या झाल्या, तर त्यांचे मोल शहरी रुग्णावर नव्हे, तर पुन्हा शेतात जाऊ इच्छिणाऱ्या रुग्णावर पारखले जाईल.

भारतात संरक्षण संशोधन संस्थेची बंगळुरू येथील ‘डेबेल’ प्रयोगशाळा सैनिकांसाठी बाह्यसांगाड्यांवर काम करीत आहे. सैनिकाच्या पाठीवरील ओझ्याचा विचार व्हायलाच हवा. शेतकामातील श्रमशास्त्राचा अभ्यास करणारे अखिल भारतीय प्रकल्पही कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखाली चालतात, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला अभियांत्रिकी संस्था आहेत. कमतरता ज्ञानाची नाही; प्रश्न कोणाचा धरायचा, या निवडीची आहे. जयपूर फूट १९६८ मध्ये घडला, तो अनवाणी चालणारा आणि मांडी घालून बसणारा भारतीय माणूस समोर ठेवून. तोच न्याय कापूस वेचणाऱ्या बाईला लावायचा, तर मोजमापाची फीत प्रथम तिच्या लुगड्यावरून फिरली पाहिजे.