जुन्या मोटारीची कुंडली

मध्यमवर्गीय घराच्या दारी येणारी पहिली मोटार पुष्कळदा कोणाची तरी वापरलेली असते. ती येताच तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ वाढवला जातो. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्याआधी न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांविषयी. गाडी किती चालली, लिटरला किती धावते, रंग मूळचा आहे काय, एवढे विचारून इसार दिला जातो. टकरीत ही गाडी आतल्या माणसांना वाचवील काय आणि कंपनीने दोषनिवारणासाठी तिला परत बोलावले होते काय, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच निघतात.

समजा, पणजीत 2019 साली घेतलेली एखादी लहान मोटार आज हुबळी-धारवाड रस्त्यावरील उणकलच्या गृहस्थाने विकत घेतली. ना-हरकत दाखला निघतो, 'जीए' जाऊन 'केए' येते, मालकाचे नाव बदलते. बदलत नाही तो चासी क्रमांक. कंपनीची दोषसूचना मात्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर पडून राहण्याचा संभव असतो आणि नवा मालक त्याच गाडीतून मुलाबाळांसह बाह्यवळणावरून धावत असतो. ते बाह्यवळण किती घातक ठरू शकते, हे 15 जानेवारी 2021 रोजी दिसले. दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या महिलांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला इटिगट्टीजवळ अपघात होऊन दहाहून अधिक जीव गेले. ते वाहन निराळे होते. पण रस्ता तोच आहे.

ही शंका काल्पनिक नव्हे. जुलै 2020 मध्ये मारुती सुझुकीने इंधनपंपातील संभाव्य दोषासाठी वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या परत बोलावल्या. त्या 2018-19 मधल्या. म्हणजे आज जुन्या बाजारात ज्यांना मोठी मागणी असते, त्याच वयाच्या. किनारपट्टीच्या वाचकांनी तर दुसरे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडते आणि पिशवी फुगण्याऐवजी तिचे धातूचे कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. होंडाने जानेवारी 2017 मध्ये 2012 साली बनलेल्या जाझ, सिटी, सिव्हिक व अकॉर्ड मिळून 41,580 गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला गंज चढतो हे आपण जाणतो. तीच हवा जीवरक्षक साधनालाही घातक करू शकते, हे जाणत नाही.

ताऱ्यांचेही तसेच. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. वॅगन-आरला 2019 मध्ये दोन तारे होते, 2023 मध्ये एकच उरला. मधल्या काळात कसोटी कडक झाली होती. भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाले, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा नुसत्या नावाला तारे चिकटवण्यात अर्थ नाही; कोणत्या सालची आणि कोणत्या प्रकारची गाडी, हे पाहिले पाहिजे. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. त्यापूर्वीच्या स्वस्त प्रकारात ती असेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे.

कायदा काय करतो? 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याची सक्ती आली आणि 1 एप्रिल 2021 पासून ती अंमलात आली. परंतु नियमांनी ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती ठेवली. म्हणजे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊ लागते, तेव्हाच सक्तीचे छत्र निघून जाते. ज्याला नवी परवडत नाही, त्यालाच संरक्षण कमी, हा न्याय उफराटा आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत चासी क्रमांक आहेत. दोषी क्रमांकांची यादी कंपन्यांकडे आहे. दोन्ही जोडून, दुरुस्ती बाकी असल्यास ते हस्तांतराच्या कागदावरच ठळक छापावे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना एप्रिल 2023 पासून अधिकृत नोंदणी बंधनकारक झालीच आहे. त्यांच्यावर हेही बंधन घालावे. सात वर्षांची मर्यादाही सुरक्षेच्या दोषांपुरती उठवावी. परिवहन खाते हे करीपर्यंत ग्राहकाने स्वतःच चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या कार्यशाळेत चौकशी करावी. जाहीर झालेली दुरुस्ती विनामूल्य असते आणि ती गाडीसाठी असते, पहिल्या मालकासाठी नव्हे.

सोयरीक जुळवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. ज्या गाडीच्या हवाली सारे घर करायचे, तिची निदान एका क्रमांकाने चौकशी करावी. नारळ त्यानंतर वाढवावा.