अपंग विद्यार्थी आणि प्राध्यापकांचे कर्तव्य

7 नोव्हेंबर 1900 या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव पटावर चढले. महाराष्ट्रात 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेत आपणास कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज घोटभर पाणी मिळत नसे, ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या मुलाच्या बुद्धीत काय उणे होते? काहीही नव्हते. उणेपणा होता तो शाळेच्या व्यवस्थेत. नाव पटावर होते, पण वर्गात स्थान नव्हते.

बंधुभगिनींनो, हा इतिहास आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. आज तो सांगण्याचे कारण निराळे आहे. पटावर नाव आहे, पण वर्गात स्थान नाही, ही अवस्था अपंग विद्यार्थ्यांच्या वाट्याला आजही येते. अस्पृश्याला जाणूनबुजून दूर ठेवले जाई. अपंगाचा बहुधा विचारच केला जात नाही. हेतू निराळा असला तरी दाराबाहेर राहणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच.

हा प्रश्न आपल्या वस्तीपासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशाच्या एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के, तर अनुसूचित जातींत ते 2.45 टक्के आढळले. अपुरे अन्न, धोक्याची कामे आणि वेळेवर न मिळणारा औषधोपचार यांची झळ गरिबाच्या घरालाच आधी लागते.

सरकार आज या बांधवांना ‘दिव्यांग’ म्हणते. गोड नावाने हक्क पदरात पडत नाहीत, हे आपल्या समाजाने ‘हरिजन’ या नावाच्या वेळीच ओळखले होते. म्हणून नावापेक्षा कायदा काय देतो ते पाहावे. 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यात 21 प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत. अंधत्व, बहिरेपणा व हातापायांचे अपंगत्व यांबरोबरच वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, सिकलसेल व थॅलेसेमिया यांचाही त्यांत समावेश आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव ठेवणे बंधनकारक आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, विद्यार्थ्याला आवश्यक आणि संस्थेला झेपेल अशी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे हा कायदा सांगतो. म्हणजे सोय ही मेहेरबानी राहिलेली नाही.

परंतु कायद्याचे कलम वर्गात जाऊन शिकवीत नाही, प्राध्यापक शिकवितो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. याच भूमीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा व शिका’ योजनेने गरीब मुलासाठी शिक्षणाची घडी बदलली; मुलाची गरिबी ही त्याची अपात्रता मानली नाही. तोच न्याय अपंग विद्यार्थ्याला लावा, एवढीच आमची मागणी आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण आज प्राध्यापक झाले आहेत. त्यांना आमचे प्रथम सांगणे आहे, कारण वगळले जाणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

प्राध्यापकाने काय करावे? वर्ष सुरू होताच वर्गात जाहीर करावे की, ज्यास कोणत्याही सोयीची गरज असेल त्याने एकट्याने येऊन भेटावे. प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, आणि चारचौघांत विचारणे हा अपमान ठरतो. काय हवे ते विद्यार्थ्यालाच विचारावे. सोबत आलेल्या वडिलांना किंवा भावाला नव्हे.

अंध विद्यार्थी वर्गात असेल तर फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य तोंडानेही म्हणावे. ‘हे इथून तिथे गेले’ असे बोलून त्याला काय कळणार? टिपणे देताना हस्तलिखिताची छायाचित्रे पाठवू नयेत. ती युनिकोड अक्षरांत टंकलेली द्यावीत. जुन्या फॉण्टांतला मराठी मजकूर संगणकाच्या वाचक-प्रणालीला नीट वाचता येत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पुस्तकाची बोलकी किंवा ब्रेल प्रत केल्यास प्रकाशकाचा हक्क बुडेल अशी भीती बाळगू नये. अपंगांसाठी अशी प्रत करण्याची मोकळीक कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिली आहे.

ऐकू कमी येणारा विद्यार्थी असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. त्याला ओठ दिसले पाहिजेत. नवे शब्द फळ्यावर लिहावेत व पाठाची टिपणे आदल्या दिवशी द्यावीत. चालता न येणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या वर्गाचे तास तळमजल्यावर ठेवावेत. उद्वाहन बसेल तेव्हा बसेल. वेळापत्रक बदलण्यास एक पैसाही लागत नाही. कास पठारावर किंवा सागरेश्वरच्या अभयारण्यात सहल निघाली म्हणजे त्याला घरी बसवून गुण देणे हा न्याय नव्हे. वाहन कोठवर जाते ते आधी पाहावे आणि त्याला करता येईल असे काम नेमून द्यावे.

परीक्षेच्या बाबतीत तर हयगय मुळीच चालणार नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिकाचा हक्क असलेल्या परीक्षार्थीला तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळावयास हवीत. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारास, 40 टक्क्यांची अट लागू न करता, लेखनिक मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी दिला. ही व्यवस्था परीक्षेच्या सकाळी धावाधाव करून होत नाही. ती आठवडे आधी झाली पाहिजे.

आणि ‘हा विषय तुला झेपणार नाही’ हे वाक्य प्राध्यापकांनी आपल्या तोंडून काढून टाकावे. वाचा व भाषेचे अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला केवळ टक्केवारीवरून वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविले गेले होते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निव्वळ आकड्यावरून प्रवेश नाकारता येत नाही; तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे तज्ज्ञांनी पाहिले पाहिजे. जे न्यायालयाला दिसले ते गुरूला का दिसू नये?

आता आईबापांना दोन शब्द. अपंग लेकरू हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे अजूनही कोणाच्या घरात म्हटले जात असेल, तर दीक्षा घेऊनही जुने ओझे डोक्यावर तसेच राहिले आहे. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, गरिबाच्या दुःखाचे खापर गतजन्मावर फोडण्याची शिकवण समाजाला व राज्याला जबाबदारीतून सोडविते. अपंगाच्या दुःखासही हेच लागू आहे. पाप मानले की जबाबदार कोणीच राहत नाही. मग मुलाला लपविले जाते, आणि मुलगी असेल तर तिची शाळा सर्वांत आधी सुटते.

तेव्हा लपवू नका. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात जाऊन दाखल्याची चौकशी करा. प्रवेश होताच कोणती सोय हवी ते प्राचार्यांना लेखी कळवा, आणि त्या अर्जावर पोच घ्या. तोंडी विनंतीचे उत्तर तोंडीच विरून जाते. दाद लागली नाही तर पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलाने तो लिहून द्यावा. विहारात वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी राखून ठेवणे कोणत्याही गावाला अशक्य नाही.

प्रवेशाचे दिवस उन्हाळ्यानंतर येतात. त्याआधी आपल्या वस्तीत बारावी झालेला किंवा बारावीपाशी थांबलेला अपंग मुलगा, अपंग मुलगी कोण आहे, याची विचारपूस प्रत्येक घराने करावी, आणि त्याचा अर्ज भरल्याखेरीज स्वस्थ बसू नये.